हजारे ते मानधना : स्वतःची मोठी टीम नसलेल्या सांगलीनं देशाला इतके खेळाडू दिले कसे?

विजय हजारे, नंदू नाटेकर, मारुती माने, गणपतराव आंदळकर, स्मृती मानधना, संकेत सरगर.

या सहा नावांत सारखं काय, असं कुणी विचारलं तर पटकन उत्तर सापडत नाही. दोघं क्रिकेटमधले, एक बॅडमिंटनचा, दोन पैलवान आणि एक वेटलिफ्टर. काळ पण एक नाही. पहिल्या आणि शेवटच्या नावात पाऊणशे-ऐंशी वर्षांचं अंतर आहे. पण या सगळ्यांच्या पत्त्यात कुठं ना कुठं एक नाव येतं, ते म्हणजे सांगली.

आता सांगली म्हटलं की लोकांना पहिल्यांदा आठवते हळद. मग द्राक्षं, बेदाणे आणि भडंग. त्यानंतर नाटक आणि सगळ्यात शेवटी न संपणारं राजकारण. खेळ या यादीत फार खाली येतो. सांगलीच्या नावाची देशभर माहीत असलेली टीम नाही. आंतरराष्ट्रीय मॅच भरवणारं स्टेडियम पण इथं नाही.

तरीही इथून खेळाडू येतच राहिले. ते कसे, हे समजून घ्यायचं तर सुरुवात खेळापासून करून चालत नाही, सांगली कशी झाली तिथून करावी लागते.

मिरजेच्या भांडणातून उभं राहिलेलं शहर

सांगली हे नाव कुठून आलं, याची गावात सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे 'सहा गल्ली'. सहा गल्ल्यांचं गाव, म्हणून सांगली. ही गोष्ट लोककथेच्याच खात्यातली, पण एक खरं की १८०० सालाच्या आधी सांगली म्हणजे कृष्णेकाठचं छोटं गाव होतं. सत्ता, किल्ला, बाजारपेठ हे सगळं शेजारच्या मिरजेत होतं.

मिरजेचं संस्थान पटवर्धन घराण्याकडं होतं. तिथं चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन आणि त्यांचे काका गंगाधरराव यांच्यात वाद झाला आणि १८०१ मध्ये वाटणी झाली. चिंतामणराव आपला वाटा घेऊन सांगलीला आले. त्यांनी गणेशदुर्ग बांधला, गणपतीचं मंदिर उभं केलं आणि सांगली संस्थानाची राजधानी झाली.

याच दरबारात ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' सादर केलं. मराठी रंगभूमी दिन आजही ५ नोव्हेंबरलाच होतो आणि सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते याच्यामुळं.

१९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झालं. पुढच्या वर्षी जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग करून दक्षिण सातारा नावाचा जिल्हा केला गेला. सांगली त्या जिल्ह्याचं मुख्य ठिकाण होतं. नोव्हेंबर १९६० मध्ये या दक्षिण साताऱ्याचं नाव बदलून सांगली झालं.

म्हणजे आज जे दोन जिल्हे वेगळे वाटतात, त्यांची माती आणि माणसं एकाच सातबाऱ्यावर होती. खेळाच्या बाबतीत तर हे जास्तच खरं आहे.

औंधचा राजा आणि सूर्यनमस्कार

या भागात छोट्या छोट्या संस्थानांची सरमिसळ होती. त्यातलंच एक औंध. औंध गाव आज साताऱ्यात येतं, पण या संस्थानाचे आटपाडी आणि कुंडलसारखे तुकडे आज सांगली जिल्ह्यात आहेत.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे अवलिया माणूस. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा माळ देऊन किर्लोस्करवाडी उभी करायला मदत करणारे हेच. चित्रं काढणारे हेच. आणि सूर्यनमस्काराचं वेड असलेले पण हेच.

त्यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार आणले. १९३८ मध्ये त्यांचं सूर्यनमस्कारावरचं इंग्रजी पुस्तक निघालं आणि हा व्यायाम परदेशातल्या वाचकांपर्यंत गेला. आज जगभरात योगाच्या क्लासमध्ये सूर्यनमस्कार घालतात, त्या प्रवासात या छोट्या संस्थानाचा मोठा वाटा आहे.

यातला मुद्दा साधा आहे. व्यायाम ही फक्त पैलवानाची गोष्ट नसून शाळेतल्या पोरापोरींनी पण तो करायचा असतो, ही कल्पना या भागात शंभर वर्षांपूर्वी रुजायला लागली होती.

तालीम : जिथं तिकीट नाही, फी नाही

पण या भागात खेळाचा खरा कारखाना कोणता, तर तालीम.

तालीम म्हणजे एक खोली, समोर मारुतीची मूर्ती आणि खाली लाल मातीचा हौदा. ही माती नुसती माती नसते. त्यात ताक, तेल, लिंबू, कापूर आणि हळद मिसळतात. हळद जखम चिघळू देत नाही असं जुनी माणसं सांगतात. म्हणजे सांगलीच्या बाजारात जी विकली जाते, तीच आखाड्याच्या मातीत पण असते.

पहाटे जोर-बैठका, मग लढत, मग खुराक. शिकवायला वस्ताद. वस्तादाचा पगार ठरलेला नसतो, पोरांकडून फी घ्यायची तर पद्धतच नव्हती. मग हे चालायचं कशावर? तर गावावर. गावची जत्रा आली की वर्गणी निघायची आणि कुस्त्यांचं मैदान भरायचं. हलगी वाजायची, पैलवान शड्डू ठोकायचे. लहान पोरांच्या कुस्त्या नारळावर किंवा रेवड्यांवर लागायच्या, मोठ्यांच्या इनामावर. त्या इनामातून खुराकाचा खर्च निघायचा. दूध, तूप, बदाम यांचा हिशोब घरच्या गोठ्यावर आणि उसाच्या बिलावर चालायचा.

याच पद्धतीतून जे पैलवान निघाले, त्यांची यादी बघा.

सांगलीजवळ वारणेकाठी कवठेपिरान नावाचं गाव आहे. तिथले मारुती माने. शिराळा तालुक्यातलं पुनवत नावाचं गाव आहे. तिथले गणपतराव आंदळकर. १९६० मध्ये आंदळकर हिंदकेसरी झाले, १९६४ मध्ये माने हिंदकेसरी झाले. आणि या दोन्हीच्या मध्ये आली १९६२ ची जकार्ताची आशियाई स्पर्धा.

तिथं माने यांनी फ्रीस्टाईलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य जिंकलं. आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाईलमध्ये रौप्य जिंकलं. एका जिल्ह्यातल्या दोन पैलवानांनी एकाच स्पर्धेत चार पदकं घरी आणली. ती पण लाल मातीत वाढून, मॅटवर जाऊन.

इथून थोडं वर, कऱ्हाडजवळ गोळेश्वर आहे. खाशाबा जाधवांचं गाव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला खाशाबांकडं पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. बाकीचे पैसे लोकवर्गणीतून आले. खाशाबा गेले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं, मध्ये ४४ वर्षं गेली.

परत आल्यावर खाशाबांची मिरवणूक शंभरावर बैलगाड्यांनी निघाली. गावानं उचलून धरलं, पण सरकारला जाग यायला वेळ लागला. १९८४ मध्ये अपघातात त्यांचं निधन झालं आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर, मरणोत्तर. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून होतो.

खाशाबांच्या गोष्टीत एक गोष्ट नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पदकामागं कुठली संस्था उभी नव्हती. एक प्राचार्य उभे होते आणि एक गाव उभं होतं. या भागातल्या खेळाची ताकद आणि दुबळेपणा, दोन्ही इथंच आहे.

ज्यांना सांगली सोडावी लागली

११ मार्च १९१५ ला सांगलीत एका मराठी ख्रिश्चन शिक्षकाच्या घरी विजय हजारे जन्मले. खेळ इथं सुरू झाला, पण पुढं आधार मिळाला देवासच्या महाराजांचा. त्यांनी ऑस्ट्रेलियाचा क्लॅरी ग्रिमेट हजारेंना शिकवायला मिळेल अशी सोय केली. त्यानंतर हजारे बडोद्याचे झाले ते कायमचेच.

१९४८ मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियासमोर त्यांनी एकाच कसोटीत दोन शतकं ठोकली, ११६ आणि १४५. असं करणारे ते पहिले भारतीय. १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडला हरवून भारतानं पहिली कसोटी जिंकली, तेव्हा कॅप्टन हजारे होते. आज देशातली वनडे स्पर्धा त्यांच्या नावानं खेळली जाते. पण बघा, 'विजय हजारे ट्रॉफी' ऐकताना किती जणांच्या डोक्यात सांगली येते?

नंदू नाटेकरांचं पण तसंच. जन्म सांगलीचा, १९३३ चा. १९५६ मध्ये मलायातली सेलांगोर स्पर्धा जिंकून ते परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले, त्या पहिल्याच यादीत त्यांचं नाव होतं. त्यांचा खेळ मात्र बहरला मुंबईत.

आंदळकरांनी सुद्धा आयुष्य घालवलं कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत. आधी लढले, मग तिथंच वस्ताद म्हणून पोरं घडवली.

कारण सरळ होतं. त्या काळात खेळाडूला पोसायचं तर मोठा राजा लागायचा किंवा मोठं शहर. सांगलीकडं दोन्ही नव्हतं. सांगली घडवायची आणि पुढं पाठवायची.

नदीतली शर्यत

आखाड्यासारखाच दुसरा एक खेळ सांगलीच्या ओळखीत मुरलेला आहे, पण त्याची बाहेर फार चर्चा होत नाही. तो म्हणजे कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती.

पावसाळ्यात नदी भरून वाहते. ऑगस्टच्या सुमारास पाणी बेताचं झालं की नदीकाठच्या गावांचे संघ लांबलचक होड्या घेऊन उतरतात. वल्ही एका तालात पडायला लागली की घाट आणि आयर्विन पूल माणसांनी फुलून जातो. कोणती होडी कुणाची, हे काठावरच्या पोरांना रंगावरून कळतं. इथं खेळाडूच्या नावापेक्षा गावाचं नाव मोठं असतं.

हा आयर्विन पूल म्हणजे सांगलीचा नाडीचा ठोका. १९२९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते तो सुरू झाला. पावसाळ्यात प्रत्येक सांगलीकर मोबाईलवर एकच आकडा बघत असतो, 'आयर्विनला किती फूट?' ४० फुटाला इशारा, ४५ फुटाला धोका. २००५ मध्ये पाणी धोक्याच्या वर गेलं. २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या पण वर गेलं आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. २०२१ मध्ये परत तेच.

म्हणजे ज्या नदीवर हा खेळ उभा आहे, तीच नदी दर काही वर्षांनी दुकानं, घरं, मैदानं, हळदीची जुनी पेवं सगळ्याची परीक्षा घेते. नदीकाठच्या मैदानावर गाळ साचला की पोरांचा सराव कित्येक आठवडे बंद पडतो. पूर म्हटलं की आपण घरं आणि पिकं मोजतो, बुडालेली मैदानं मोजायचं राहून जातं.

हेच सगळं हजारो किलोमीटरवर पण घडतं

नदीत किंवा समुद्रात गावागावांच्या होड्यांची शर्यत, दगड उचलायच्या पैजा, बैलांची ताकद अजमावणं. हे वाचून वाटेल की हे फक्त आपल्याकडंच. पण स्पेनच्या उत्तरेला, फ्रान्सच्या सीमेजवळ एक भाग आहे, बास्क प्रांत. तिथली भाषा आजूबाजूच्या कुठल्याच भाषेशी नातं सांगत नाही. आणि तिथलं दोनोस्तिया, म्हणजे सान सेबास्तियन नावाचं शहर सांगलीच्या खेळाशी तुलना करायला फार भारी आहे.

दोनोस्तियाच्या खाडीत १८७९ पासून सप्टेंबर महिन्यात होड्यांची शर्यत होते. एका होडीत वल्ही मारणारे १३ जण आणि सुकाणूवर एक. होड्या असतात किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावांच्या. मासळी घेऊन बंदरात पहिलं कोण पोहोचतं, या धडपडीतून हा खेळ निघाला. जिंकणाऱ्याला मिळतो एक झेंडा आणि त्या झेंड्यासाठी गावं वर्षभर घाम गाळतात. २००८ पासून बायकांच्या संघांची पण शर्यत होते.

बास्क लोकांत दगड उचलायचा खेळ आहे. इनाकी पेरुरेना नावाच्या माणसानं ३०० किलोच्या वरचा दगड उचललेला आहे. बैलजोडीनं भलामोठा दगड ओढून न्यायची स्पर्धा पण तिथं आहे. आपल्याकडं बैलगाडा शर्यतीवर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं कायदा वैध ठरवला. तिकडं पण जनावरांना त्रास होतो का, यावर वाद होतोच.

इथपर्यंत सांगली आणि दोनोस्तिया एकसारखे दिसतात. फरक पुढं आहे.

फ्रँकोच्या हुकूमशाहीत बास्क भाषा दाबली गेली, त्यांच्या झेंड्यावर बंदी होती. तेव्हा लोकांनी आपली ओळख जपली ती फुटबॉल क्लबांत. दोनोस्तियाचा क्लब म्हणजे १९०९ चा रेआल सोसिएदाद. शेजारच्या बिल्बाओचा क्लब म्हणजे १८९८ चा ॲथलेटिक. डिसेंबर १९७६ मध्ये, फ्रँको जाऊन वर्षभर झालं होतं आणि झेंड्यावरची बंदी अजून उठलेली नव्हती, तेव्हा हे दोन कट्टर प्रतिस्पर्धी दोनोस्तियात समोरासमोर आले. दोन्ही संघांचे कॅप्टन तो झेंडा हातात धरून एकत्र मैदानात उतरले.

ॲथलेटिक बिल्बाओ आजही फक्त बास्क भागात जन्मलेले किंवा तिथं घडलेले खेळाडू घेतो. तरीही स्पेनच्या सगळ्यात वरच्या लीगमधून एकदाही खाली न घसरलेले तीनच क्लब आहेत, रेआल माद्रिद, बार्सिलोना आणि हा. रेआल सोसिएदादनं पण बाहेरचे खेळाडू घ्यायला सुरुवात केली ती १९८९ मध्ये. त्याआधी घरच्या पोरांच्या जोरावर त्यांनी १९८१ आणि १९८२ अशी लागोपाठ दोन वर्षं लीग जिंकली होती.

आणि ॲथलेटिकचा मालक कोण? तर क्लबचे सभासद. कुणी उद्योगपती नाही.

सांगलीकरांना हे ऐकून नवल वाटायला नको. सभासदांच्या मालकीचे कारखाने कसे चालवायचे, हे वसंतदादांच्या या जिल्ह्याला दुसऱ्यानं शिकवायची गरज नाही. साखर, सूत, दूध, बँक, सगळं सहकारात झालं. या पट्ट्यातले काही कारखाने पैलवानांना मानधन देत आले, मैदानं भरवत आले. पण सभासदांच्या मालकीचा, खेळाडूला लहानपणापासून शेवटपर्यंत सांभाळणारा क्लब काही उभा राहिला नाही. तिथं काम अजूनही वस्तादावर आणि घरावरच सोडलेलं आहे.

आता क्लबच्या जागी घर

स्मृती मानधनाचा जन्म मुंबईचा, १९९६ चा. ती दोन वर्षांची असताना घर सांगलीला, माधवनगरला आलं. वडील श्रीनिवास आणि भाऊ श्रवण दोघं जिल्हा पातळीवर क्रिकेट खेळलेले. भावाला खेळताना बघून ती पण बॅट घेऊन उभी राहिली. नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालच्या संघात, अकराव्या वर्षी १९ वर्षांखालच्या संघात. प्रशिक्षक होते अनंत तांबवेकर.

२०१३ मध्ये १९ वर्षांखालच्या स्पर्धेत तिनं गुजरातविरुद्ध १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा केल्या. वनडे सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय महिला. आणि हा सामना झाला कुठं, तर वडोदऱ्यात. सांगली सोडून विजय हजारे जिथं राहायला गेले, त्याच शहरात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला हरवून भारतीय महिलांनी पहिल्यांदा वनडे वर्ल्डकप जिंकला. स्मृती त्या संघाची उपकर्णधार होती आणि स्पर्धेत भारताकडून सगळ्यात जास्त धावा तिच्याच होत्या, ४३४.

हजारेंना सांगली सोडावी लागली होती. स्मृती सांगलीत राहून, इथल्या चिंतामण कॉलेजमध्ये शिकत टीम इंडियात गेली. बदल नक्की झाला. पण तिला वर नेणारी पहिली संस्था कोणती होती? तर तिचं घर.

संकेत सरगरचं पण तेच. वडिलांची सांगलीत पान आणि चहाची टपरी. संकेत टपरीवर हात लावायचा आणि व्यायामशाळेत वजन उचलायचा. जुलै २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ स्पर्धेत ५५ किलो गटात त्यानं एकूण २४८ किलो उचललं. शेवटच्या प्रयत्नांत कोपर दुखावलं, नाहीतर सुवर्ण हातात होतं. मलेशियाच्या खेळाडूनं उचललं २४९. एक किलो कमी पडला, तरी त्या स्पर्धेतलं भारताचं पहिलं पदक सांगलीच्या टपरीवाल्याच्या पोरानं आणलं. त्याच्या काही आठवडे आधी त्याची बहीण काजल खेलो इंडियात सुवर्ण जिंकून आली होती.

मार्च २०२३ मध्ये सांगलीतच पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि गदा जिंकली सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं. ज्या तालमींच्या उंबऱ्यात एकेकाळी पोरींना जागा नव्हती, त्या जिल्ह्यात ही गदा आली.

औंध संस्थानाचा भाग असलेल्या आटपाडीकडं वळलं तर करगणीचा सचिन खिलारी सापडतो. लहानपणी सायकलवरून पडून डावा हात कायमचा दुखावला. त्यानं २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य जिंकलं.

आणि साताऱ्यात तर २०२३ मध्ये कहरच झाला. उसाच्या शेतातल्या एका अकादमीत प्रवीण सावंत पोरांना तिरंदाजी शिकवायचे. तिथली १७ वर्षांची अदिती स्वामी बर्लिनला जाऊन सीनियर वर्ल्ड चॅम्पियन झाली. त्याच दिवशी ओजस देवतळे पण वर्ल्ड चॅम्पियन झाला. ओजस मूळचा नागपूरचा. नागपूरसारखं मोठं शहर सोडून पोरगं साताऱ्याच्या उसाच्या शेतात शिकायला आलं, कारण शिकवणारा माणूस तिथं होता.

मग अडचण काय?

सगळी उदाहरणं एकत्र ठेवली तर चित्र स्पष्ट होतं. खाशाबांच्या मागं खर्डेकर. स्मृतीच्या मागं वडील, भाऊ आणि तांबवेकर. अदितीच्या मागं सावंत. मानेंच्या मागं गाव. प्रत्येक वेळी माणूस उभा आहे. इथल्या खेळाडूला स्टेडियमपेक्षा वस्ताद जास्त लागला आणि तो नशिबानं मिळत गेला.

पण माणसाच्या भरवशावर चाललेली गोष्ट माणसाबरोबरच संपू शकते. वस्ताद थकला की तालीम ओस पडते. तालमीची जागा गावठाणात मोक्याची असते, मग तिथं गाळे काढायचा विषय निघतो. दूध, तूप, बदामाचे भाव वाढत गेले आणि घरच्या गोठ्यातली जनावरं कमी होत गेली. जत्रेतल्या मोठ्या कुस्तीचं इनाम लाखांत गेलं, पण ते एका पैलवानाला मिळतं. खाली नारळावर लढणाऱ्या पोराच्या खुराकाचं काय, हा प्रश्न तसाच राहतो.

कुस्तीची लढाई आता मॅटवर होते, आणि गावातल्या पोराला मॅट मिळतं ते उशिरा. होड्यांच्या शर्यतीला गर्दी होते, पण त्यातल्या वल्हेकऱ्याला त्या ताकदीवर पुढं रोइंगमध्ये नेणारी वाट तयार नाही. आणि पदक आल्यावर चौकात फ्लेक्स लागतात, ज्या जागेत सराव झाला तिथं पावसाळ्यात छत गळतं का, हे बघायला फार कुणी जात नाही.

बास्क लोकांनी केलं ते एवढंच. गावचा अभिमान त्यांनी फक्त मिरवणुकीत ठेवला नाही, क्लबच्या सभासदाच्या पावतीत बांधला. त्यामुळं शिकवणारा एक माणूस गेला तरी दुसरा नेमता येतो. मैदान क्लबचं राहतं आणि पोरं येत राहतात.

सांगली-साताऱ्याकडं या कामाला लागणारं सगळं आहे. तालमीची सवय आहे, वर्गणीची पद्धत आहे, सहकाराचा अनुभव आहे आणि आपल्या गावच्या नावासाठी जीव टाकणारी पोरं तर आहेतच. जत्रेची वर्गणी दरवर्षी निघतेच. त्यातला एक वाटा एका दिवसाच्या मैदानासाठी न ठेवता वस्तादाच्या महिन्याच्या मानधनासाठी ठेवायचा, एवढी सुरुवात कुठलंही गाव पुढच्या जत्रेला करू शकतं. त्यासाठी ना स्टेडियम लागतं, ना मोठा राजा.